आईच्या पेटीत जुनी पासबुकं सापडलीत, सुरुवात कुठून करू?

माणगंगा_७६

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच स्वतःचं विचारतोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई जाऊन चार महिने झाले. वडील २००९ लाच गेले. घर सातारा जिल्ह्यात, मी पुण्यात, धाकटी बहीण इचलकरंजीला दिलेली. मागच्या महिन्यात आम्ही दोघं घर आवरायला गेलो तेव्हा आईची पत्र्याची पेटी उघडली. वर लुगडी, मधे आमचे दोघांचे शाळेचे निकाल, आणि अगदी तळाला दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली पासबुकं आणि पावत्या. वरचा रबरबँड वितळून पुठ्ठ्याला असा चिकटला होता की सोडवताना थोडा कागद निघालाच.

आता त्यात काय काय आहे ते सांगतो. आईच्या नावचं युनायटेड वेस्टर्न बँकेचं बचत खात्याचं पासबुक, शेवटची नोंद जून २००१ ची, शिल्लक ३,४१२ रुपये. त्याच शाखेची एक ठेव पावती, मे १९९८ ला १२,००० ठेवलेत, ७४ महिन्यांत २४,००० होणार असं छापलंय, म्हणजे जुलै २००४ ला पिकली असणार, पण मागच्या बाजूला सही नाही की काही नाही, त्यामुळे मोडली नसावी असं वाटतं. वडील पाटबंधारे खात्यात होते, परभणी भागात बदली असताना काढलेलं स्टेट बँक ऑफ हैदराबादचं एक पासबुक, शेवटची नोंद १९८८. आणि आमच्या गावातल्या एका पतसंस्थेचं पिग्मीचं, म्हणजे रोज थोडे थोडे भरायच्या बचतीचं कार्ड, आईचं. ती पतसंस्था आता नाही, त्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

गावातल्या ओळखीच्या एका माणसाला दाखवलं, तो दुसऱ्याच एका बँकेत आहे, तो म्हणाला युनायटेड वेस्टर्न बुडाली कधीच, विसरा. तालुक्याला एक जण भेटला तो म्हणतो मी काढून देतो, निम्मे माझे. आणि चुलते म्हणतात आधी बहिणीकडून हक्कसोड करून घे मगच बँकेत जा.

खरं सांगायचं तर रक्कम मोठी नाही हे मला कळतंय. पण आई शिवणकाम करायची, एकेक ब्लाऊज शिवून ते १२,००० जमवले असणार आणि आम्हाला कुणाला कधी बोलली नाही. ते असेच कुठेतरी पडून राहावेत हे मनाला पटत नाही. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_लेजरकीपर

दादा, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. मी ३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची दहा वर्षं तर मयत खातेदारांच्या क्लेमच्याच टेबलावर होते, त्यामुळे हे लिहितेय ते सगळं हाताखालून गेलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे युनायटेड वेस्टर्न बुडाली नाही. अडचणीत आली होती हे खरं, पण ऑक्टोबर २००६ मध्ये ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली, ठेवीदारांच्या ठेवी सगळ्या तिकडे गेल्या. तुमच्या गावची जी शाखा होती ती आज आयडीबीआयची असेल, किंवा जवळच्या शाखेत मिसळली असेल. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली. आपल्याकडे लोक पासबुकावरचं नाव बघतात आणि ती पाटी बाजारात दिसली नाही की आशा सोडतात, म्हणून मुद्दाम लिहिते. सांगली बँक २००७ ला आयसीआयसीआयमध्ये गेली, गणेश बँक ऑफ कुरुंदवाड फेडरलमध्ये, बँक ऑफ कराड बँक ऑफ इंडियामध्ये, त्याच्याही आधी मिरज स्टेट बँक युनियन बँकेत, आणि अलीकडे देना आणि विजया बँक ऑफ बडोदात २०१९ ला, सिंडिकेट कॅनरात २०२० ला. पाटी बदलते, देणं राहतंच.

दुसरं म्हणजे दहा वर्षांचा हिशोब. खात्यावर दोन वर्षं तुम्ही काही व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय धरतात. आणि दहा वर्षं झाली की बँक ती रक्कम व्याजासकट रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा करते, त्याला आम्ही ब्रँचमध्ये डेफ म्हणायचो, ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी, २०१४ पासून आहे. लोकांना वाटतं पैसे सरकारजमा झाले, आता मिळत नाहीत. तसं नाही हो! मागायला मुदतच नाही. आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या दारात जायचं नाही, आपल्याच बँकेत अर्ज करायचा, बँक तुम्हाला देते आणि मग फंडाकडून आपली भरपाई करून घेते.

व्याजही मिळतं, व्याजाच्या खात्यांवर. फंडात गेल्यावर साधं व्याज, चक्रवाढ नाही. ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, मग ३.५, आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के. तुमची पावती जुलै २००४ ला पिकली म्हणजे २०१४ च्या सुमारास फंडात गेली असणार. नुसत्या २४,००० वर धरलं तरी तेव्हापासून आजवर साडेनऊ हजारांच्या वर व्याज होतं, शिवाय २००४ ते २०१४ मधलं पिकून पडलेल्या ठेवीचं व्याज बँकेच्या तेव्हाच्या नियमानं वेगळं. म्हणून पावतीची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या, आणि मूळ फक्त काउंटरवर दाखवा.

आता घरी बसून करायचं काम. रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं, त्यात ३० बँका आहेत आणि देशातल्या अशा पडून राहिलेल्या ठेवींपैकी साधारण ९० टक्के रक्कम त्या ३० मध्येच येते. मोबाईल नंबरनं नाव नोंदवायचं, खातेदाराचं नाव टाकायचं, बँक निवडायची आणि पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यातलं एक काहीतरी. यातलं काहीच नसेल तर पत्ता टाकूनही शोधता येतं. फुकट आहे. सापडलं की एक नंबर येतो तो लिहून घ्या, तोच बँकेत सांगायचा. आणि हे लक्षात ठेवा की तिथे फक्त दहा वर्षांवरची, फंडात गेलेली खातीच दिसतात. समजा आईंचं एखादं खातं २०१८ पर्यंत चालू होतं तर ते तिथे दिसणार नाही, त्यासाठी शाखेतच जावं लागेल.

नाव एकाच पद्धतीनं टाकून बघू नका. आमच्या काळी लेजरला नाव उतरवणारा कारकून ज्याच्या त्याच्या कानानं लिहायचा. विमल, विमलाबाई, नुसतंच व्ही आणि नवऱ्याचं आडनाव, माहेरचं आडनाव, सगळं टाका. पासबुकाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात हातानं लिहिलेला एक आकडा असेल, तो लेजरचा फोलिओ नंबर, म्हणजे खातेवहीतल्या पानाचा आकडा. कॉम्प्युटर आल्यावर खाते नंबर सगळे बदलले, पण शाखेत जुन्या नंबरवरून नवा शोधता येतो, तेव्हा तो आकडा पुसू देऊ नका, आजच फोटो काढून ठेवा.

निम्मे मागणाऱ्या माणसाला नमस्कार करा आणि सोडून द्या. त्याला तुमचा ओटीपी, आधारची प्रत, काही म्हणजे काही देऊ नका.

खान्देशी_गडी

ताईंनी सगळं छान सांगितलंय, मी फक्त एक जोडतो. पेटीत शेअरचे कागद आहेत का ते पण बघा भाऊ, कारण लोक पासबुक ओळखतात आणि शेअर सर्टिफिकेट रद्दीत घालतात.

आमच्याकडे अमळनेरला विप्रोचे जुने शेअर घरोघरी होते हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा तिला विप्रो म्हणत नव्हते, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, १९४५ ची कंपनी, गावात वनस्पती तुपाचा कारखाना. आजोबांच्या वहीत ते इंग्रजी लांबलचक नाव होतं आणि घरात कुणाला कळेना की ही कुठली कंपनी. नाव बदललं की माणूस हरवतो तसं होतं बघा. माझ्या मावशीच्या घरी तर त्या कागदाच्या मागे पोरांनी गणितं केली होती, आणि तो कागद खरा निघाला.

नियम असा आहे की लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो आणि ते शेअरसुद्धा आयईपीएफ नावाच्या सरकारी निधीत जातात. तिथूनही परत मिळतात, मुदत नाही. कंपनीच्या नोडल ऑफिसरला आधी लिहायचं, मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढून कागदांसकट कंपनीला पाठवायचा. शेअर परत येतात ते डीमॅटमध्येच, त्यामुळे वारसाचं डीमॅट खातं आधीच उघडून ठेवा. वेळ लागतो, आमच्या मावशीला सव्वा वर्ष लागलं, पण मिळाले.

म्युच्युअल फंडाचं जुनं काही असेल तर सेबीनं २०२५ ला मित्र नावाचा शोध सुरू केलाय, तिथे बघा. एलआयसीच्या साइटवर पण पडून राहिलेल्या रकमा शोधायची सोय आहे, पॉलिसी नंबर, नाव, जन्मतारीख लागते.

कोर्टरोड_सातारा

मी वकिली करतो, वारसाचीच कामं जास्त करतो, म्हणून हक्कसोडीचं तेवढं बोलतो, कारण तिथे माणसं फार चुकतात.

हक्कसोडपत्राची इथे काही गरज नाही. तुमची आई वारली, वडील आधीच गेलेले, मृत्युपत्र नाही असं धरतो, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या पैशावर तुम्ही आणि बहीण दोघांचा सारखा हक्क. मुलगा म्हणून तुमचा जास्त नाही. वडिलांच्या खात्याचंही शेवटी तसंच येतं, त्यांच्या मागे आई, तुम्ही आणि बहीण होता, आता आईचा वाटा तुम्हा दोघांकडेच. बँकेला हवं असतं ते बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र, म्हणजे एकाच्या खात्यावर रक्कम द्यायला आमची हरकत नाही एवढंच. त्यानं बहिणीचा हक्क जात नाही. तिला आधी सगळी पासबुकं दाखवा, मग सही मागा, उलट करू नका. चुलत्यांचा यात काही संबंध नाही, वय मोठं आहे म्हणून ऐकून घ्या आणि सोडा.

नॉमिनी कोण आहे ते पावतीवर किंवा शाखेत बघा. नॉमिनी असेल तर काम लवकर होतं, मृत्यूचा दाखला आणि त्याची ओळख पटली की बँक त्याला देते. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो विश्वस्तासारखा, त्यानं वारसांना द्यायचं. सुप्रीम कोर्टानं हे विम्याच्या बाबतीत डिसेंबर १९८३ ला सांगितलं आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ ला. बँकेत आता १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, ते तुमच्या स्वतःच्या खात्यांना आजच लावून टाका.

नॉमिनी नसेल तर पूर्वी बँका लगेच कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागायच्या, त्यात पंचवीस-तीस हजारांच्या ठेवीसाठी माणूस वर्षभर तारखा करायचा. आता रिझर्व्ह बँकेनं २०२५ ला नियम काढलेत, वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, कोर्टाचं प्रमाणपत्र न मागता साध्या कागदांवर द्यायचं. सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचं, आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाईचं व्याज द्यायचं. ३१ मार्च २०२६ ही हे लागू करायची शेवटची तारीख होती. कागद म्हणजे क्लेम फॉर्म, दोघांचेही मृत्यूचे दाखले, तुमची ओळखपत्रं, बहिणीचं ना-हरकत, क्षतिपूर्ती बंधपत्र म्हणजे ज्याला आपण इंडेम्निटी बॉण्ड म्हणतो तो, आणि वारस कोण कोण ते सांगणारा दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचं प्रतिज्ञापत्र. स्टँप पाचशेचा घ्या, शंभरचा आता चालत नाही, हे माहीत नसल्यानं लोक दोनदा हेलपाटा घालतात.

दाखल्यावर एक नाव आणि पासबुकावर दुसरं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करा. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड असं जुनं काहीतरी जोडा ज्यावर पासबुकातलं नाव आहे.

पिग्मीवाला

माणगंगा दादा, मी अकरा वर्षं पिग्मी गोळा केली, सकाळी भाजीवाल्यांपासून सुरुवात आणि रात्री नऊला पानपट्टीवर शेवट, त्यामुळे तुमच्या आईच्या कार्डाचं वाचून राहवलं नाही.

पतसंस्था उद्गमवर सापडणार नाही कारण ती बँकच नाही. रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही आणि बँक ठेवीला जो ५ लाखांचा विमा असतो तो पण पतसंस्थेला नाही. ती सहकार खात्याकडे येते. तेव्हा तुम्ही तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जा आणि लेखी विचारा की ही संस्था कुठल्या स्थितीत आहे. तीन शक्यता असतात. दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल, किंवा नुसती जागा बदलली असेल, किंवा अवसायनात निघाली असेल, म्हणजे कायद्यानं गुंडाळायला काढली असेल. अवसायनात असेल तर अवसायक नेमलेला असतो, त्याच्याकडे कार्डाची प्रत जोडून मागणी अर्ज द्यायचा. तिथे बँकेसारखी खात्री नसते हे मी तुम्हाला आधीच सांगतो, कर्जवसुली होईल तसं वाटप होतं, काही ठिकाणी काहीच मिळत नाही. पण अर्ज केलेला असेल तरच यादीत नाव येतं.

कार्डावर रोजच्या रकान्यात एजंटची बारीक सही असते. तो एजंट जिवंत असेल तर त्याला शोधा. आम्ही आमच्या वह्या टाकत नाही. माझ्याकडे १९९९ पासूनच्या आहेत, अजून दोन-तीन बायका येऊन त्यावरून आपली रक्कम ताडून गेल्या.

शारजाहून_शुभा

मी पण हेच करून बसलेय, तेही लांबून, म्हणून माझा अनुभव. सासऱ्यांच्या नावे चार बँकांत छोटी छोटी खाती होती. तीन बँकांत व्यवस्थित झालं. एका बँकेत, नाव नको, तर प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येक वेळी नवीन कागद, कधी म्हणे कोर्टाचं प्रमाणपत्र आणा, कधी म्हणे तुम्ही स्वतःच या. सुट्टीत दोनदा आले आणि दोन्ही वेळा सर्व्हर बंद. तोंडी विचारत होते तोवर काहीच हललं नाही. मग एका मैत्रिणीनं सांगितलं तसं अर्ज दोन प्रतींत लिहून नेला, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. मॅनेजर आधी पोच द्यायला तयार नव्हते, तर मी तिथेच बसून राहिले, शांतपणे, वाद नाही घातला. चाळीस मिनिटांनी मिळाली. त्या दिवसापासून फोन त्यांच्याकडून यायला लागले.

पोच घेऊन ३० दिवस झाले आणि उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही पण पत्रात शेवटी तसं एक वाक्य लिहिलं होतं.

बाहेर राहणाऱ्यांसाठी एवढंच की ना-हरकत पत्र आणि कुलमुखत्यारपत्र इकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, नुसतं स्कॅन करून ईमेल केलेलं आमच्याकडे कुणी घेतलं नाही.

माणगंगा_७६

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. इतक्या लोकांनी इतकं सविस्तर लिहिलंत.

काल रात्री बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, पासबुकांचे फोटो पाठवले, हक्काचं वकीलसाहेबांनी लिहिलेलं तेही वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ते पिग्मीचं कार्ड मला माहीत होतं, आई मला रोज दहा रुपये देऊन दारात उभी करायची आणि सांगायची दादाला आणि पप्पांना सांगू नको. मला हे पन्नाशीत कळतंय.

मग आम्ही फोन चालू ठेवूनच उद्गमवर बसलो. आईचं नाव दाखल्यावर आहे तसं टाकलं, जन्मतारीख टाकली, काही नाही. मतदार कार्ड टाकलं, काही नाही. ताई, तुम्ही म्हणालात तसं मग नावाला बाई लावून आणि गावचा पत्ता टाकून बघितलं, आणि आलं! दोन ओळी, एक बचत आणि एक मुदत ठेव. नंबर लिहून घेतलाय. वडिलांचं मात्र अजून सापडलं नाही.

एक विचारायचं होतं, वडिलांच्या १९८८ च्या खात्याचं पोर्टलवर नाही म्हणजे नाहीच असं समजायचं का?

निवृत्त_लेजरकीपर

नाही, तसं समजू नका. नाव आद्याक्षरांनी लिहिलं असेल, पत्ता परभणीच्या सरकारी क्वार्टरचा असेल, जन्मतारीख तर त्या काळी फॉर्मवर घेतच नसत. बँकेच्या स्वतःच्या साइटवरही अशा खात्यांची नावं-पत्ते देणं बंधनकारक आहे, तिथेही शोधा. आणि तरी नाही मिळालं तर त्या शाखेच्या मॅनेजरांना पासबुकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स जोडून रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा. पत्रात वडिलांचं नाव पासबुकात आहे अगदी तसंच लिहा, तेव्हाचा पत्ता लिहा, आणि खाते बंद झाले असल्यास कोणत्या तारखेला व रक्कम कोणास दिली हे कळवावे असं एक वाक्य घाला. बदली झाली तेव्हा वडिलांनीच खातं बंद करून पैसे काढले असतील आणि पासबुक आठवण म्हणून ठेवलं असेल असंही होतं, मी खूप पाहिलंय. पण मग उत्तर लेखी येईल आणि तुमच्या मनाला राहणार नाही.

पोस्टाचं काही आहे का तेही बघा हो. बायका पोस्टात हमखास ठेवायच्या, आरडी, किसान विकास पत्र. ते उद्गमवर येत नाही, पोस्टातच विचारावं लागतं.

माणगंगा_७६

सात आठवड्यांनी लिहितोय, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून.

आईचं दोन्ही झालं. बहीण आणि मी दोघंही शाखेत गेलो, तिचं ना-हरकत पत्र होतं तरी तिला यायचंच होतं. पावतीवर नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव, ते आईच्या आधी गेलेले, त्यामुळे नॉमिनी नसल्यासारखंच धरलं आणि वकीलसाहेबांनी सांगितलेले सगळे कागद लागले. विमल आणि विमलाबाई एकच, त्यासाठी प्रतिज्ञापत्र केलं, सोबत १९९४ चं रेशनकार्ड जोडलं. पोच घेतली. तेराव्या दिवशी जमा झाले. ठेवीचे ४१ हजारांच्या वर आणि बचतीचे सहा हजार एकशे काही. निम्मे लगेच बहिणीला पाठवले.

पिग्मीचं असं आहे की संस्था २०११ लाच अवसायनात निघालेली. अवसायकांकडे अर्ज दिलाय, कार्डावर ८,७४० होतात. ते म्हणाले वाटप कधी होईल सांगता येत नाही, पण नाव यादीत घेतलं. एजंट सापडले, वय बरंच झालंय, त्यांना आई आठवत होती. म्हणाले, एकही दिवस खाडा केला नाही, पावसात मी गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे द्यायच्या.

वडिलांच्या खात्याचं पत्राचं उत्तर आलं. ऑगस्ट १९८८ ला त्यांनी स्वतः बंद केलं होतं. ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

पैसे देताना बँकेनं मूळ पावती ठेवून घेतली, ते बरोबरच आहे. पासबुकही ठेवणार होते. बहिणीनं काउंटरवरच्या मॅडमना विनंती केली की यात आईची सही आहे, तेवढं द्या. त्यांनी आत जाऊन साहेबांना विचारलं, प्रत्येक पानावर खाते बंदचा शिक्का मारला आणि परत दिलं. आता ते इचलकरंजीला तिच्या कपाटात आहे.

पोस्टात पुढच्या आठवड्यात जाणार आहे, काही सापडलं तर इथेच लिहितो.